नर्तकीचा वेष : मलमल आणि लुगडे

पंढरपुराहून टेंभुर्णीच्या वाटेने निघाले म्हणजे भोसे मागे पडून करकंब लागते. हे जुने बाजाराचे गाव. मोडनिंब तेथून जवळच. आणि मोडनिंबचे नाव लावणीच्या शौकिनांस निराळे सांगावे लागत नाही. या टापूतल्या कापडाच्या दुकानांत नऊवारी लुगड्याला पूर्वी दोन प्रकारचे गिऱ्हाईक असे. एक घरसंसारातली बाई आणि दुसरी पायात चाळ बांधणारी. दुकानदाराने दोघींपुढे उलगडायची घडी एकाच जातीची. वार तेवढेच, काठपदराची रीत तीच. किमतीत काय तो ऐपतीप्रमाणे फरक.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण नृत्याच्या इतिहासात ती विरळा आहे. बहुतेक देशांत नाचणारीसाठी म्हणून खास वेष शिवला जातो आणि तो पाहताच ही नर्तकी, हे ओळखू येते. आपल्याकडेही मोठ्या वाड्यांतील मजलशीत नाचणाऱ्या कलावंतिणी पेशवाज घालीत. हा घेरदार, पायघोळ, शिवलेला झगा उत्तरेकडील चालीचा होता. लावणीची नर्तकी मात्र गृहिणीचेच वस्त्र नेसून बैठकीत उभी राहिली. तिचे वेगळेपण वस्त्रात नव्हते, नेसण्यात होते. आणि समाजाने तिच्यावर जी रेघ ओढली तीही मग वस्त्रावरून ओढता आली नाही.

लावणीचा भरभराटीचा काळ म्हणजे उत्तर पेशवाई. सोलापूरचे रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही सारी मंडळी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंतची. दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द १७९६ ते १८१८ ची. नेमक्या याच सुमारास, सात समुद्रांपलीकडे पॅरिस शहरात, नृत्याचा एक दुसरा वेष घडत होता. त्याला युरोपात बॅलेचा स्वप्नरंजक काळ म्हणतात. या दोन वेषांची सोयरीक जुळवावी असे सकृद्दर्शनी काहीच नाही. परंतु दोहोंचे मूळ कापूस आहे, आणि कापसाचा धागा पुष्कळ लांब जातो.

आधी पॅरिसची हकीकत पाहू.

अठराव्या शतकात तेथील राजाच्या ऑपेरागृहात नाचणारी स्त्री म्हणजे एक चालते देवघरच असे. कमरेच्या दोन्ही बाजूंस वेताचे सांगाडे, त्यांवर पसरलेला जरीचा जड घागरा, डोक्यावर पावडर लावलेला केसांचा टोप, पायात टाचेचे जोडे, आणि पुष्कळदा तोंडावर कातडी मुखवटा. अशा सरंजामात पाय हलतात की नाही हे प्रेक्षकांस कळणेही कठीण. १७३० च्या आसपास मारी कामार्गो या नर्तकीने आपल्या घागऱ्याची कड घोट्याच्या वर उचलली. कारण ती उडी मारून हवेत पावलांची जी कात्री घाली ती कोणाला दिसत नव्हती. चार-दोन इंच कापड कमी झाले, पण बोभाटा मोठा झाला. तिचीच प्रतिस्पर्धी मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये त्याहून धीट गोष्ट केली. पिग्मॅलियनच्या कथेत पुतळ्याची स्त्री होते. ती भूमिका तिने सांगाडा आणि टोप टाकून, केस मोकळे सोडून, अंगाभोवती साधी मलमल घेऊन केली. पुढे १७६० साली नोव्हेर या नृत्यगुरूने मुखवटे आणि सांगाडे यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. पण जुन्या चाली ग्रंथांनी मोडत नाहीत. त्या मोडल्या १७८९ च्या राज्यक्रांतीने. जरी आणि टोप ही सरदार लोकांची निशाणी ठरली आणि पॅरिसच्या बाया ग्रीक पुतळ्यांसारख्या पातळ, पांढऱ्या कापडात वावरू लागल्या.

हे पातळ कापड म्हणजे मलमल. तिचे अस्सल माहेर बंगाल. ढाक्याच्या मलमलीने युरोपला वेड लावले होते. परंतु १७७९ साली क्रॉम्प्टन नावाच्या एका इंग्रज कारागिराने असे सूतयंत्र बनविले की त्यावर बारीक आणि बळकट सूत निघू लागले. तेव्हापासून लँकेशायर आणि ग्लासगो येथे मलमल यंत्राने होऊ लागली, स्वस्त झाली, आणि ढाक्याचा विणकर उपाशी राहू लागला. तेच यंत्राचे सूत पुढे आपल्या मागांवरही येऊन बसले. सोलापूर शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली ती १८७७ साली. म्हणजे पॅरिसची अप्सरा ज्या कापडात तरंगली आणि ज्या यंत्राने आपल्या साळ्याचा माग ढिला पडला, त्यांचे मूळ एकाच कारखान्यात सापडते. मलमल स्वस्त झाली नसती तर एका नर्तकीला चार-पाच परकर आणि नर्तकींच्या अख्ख्या ताफ्याला तेवढेच, हा खर्च कोणत्याही नाटकगृहास झेपता ना.

ता. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा खेळ प्रथम झाला. एका स्कॉटिश तरुणाच्या लग्नाच्या दिवशी वाऱ्यातली एक परी त्याला दिसते आणि तो तिच्यामागे वेडा होऊन सर्वस्व घालवतो, एवढीच कथा. परी झाली होती मारी टाग्लिओनी. तिचा बाप फिलिप्पो हाच तिचा गुरू आणि या खेळाचा रचनाकार. मुलगी दिसण्यात सुंदर नव्हती. हात लांब, खांदे किंचित वाकलेले. बापाने तिला रोज तासन्‌तास राबवून तिच्या अंगचे वैगुण्यच डौलात बदलले. तिच्या वेषाची आखणी युजेन लामी या चित्रकाराच्या नावे सांगितली जाते. वर अंगाला चिकटलेली, खांदे उघडे टाकणारी चोळी. कमरेपासून घंटेसारखा उमललेला, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा पांढरा घेर. पाठीवर इवलेसे दोन पंख. केसांत फुलांचा वेढा. पायांत अंगासारख्या रंगाची विणीची तुमान आणि रेशमी सपाता. दागिना जवळजवळ नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या रंगभूमीवर जरीचे ओझे वाहिले जात होते तेथे वजन नसलेली बाई उभी राहिली.

या वेषाला अर्धे बळ दिव्यांनी दिले. ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते. मेणबत्त्या एकेक विझवाव्या लागत. गॅसची ज्योत चावीने हवी तेवढी उतरविता येई. सभागृह मंद करून रंगभूमीवर निळसर चांदणे पाडता येऊ लागले, आणि त्या चांदण्यात पांढरी मलमल स्वतःच उजळल्यासारखी दिसे. १८४१ मध्ये ‘जिझेल’ हा खेळ आला, त्यात लग्नाआधी मेलेल्या मुलींचे आत्मे मध्यरात्री रानात नाचतात. त्या साऱ्याजणी पांढऱ्या. तेव्हापासून अशा खेळांना ‘पांढरे बॅले’ हेच नाव पडले.

सपातांविषयी थोडे सांगावयास हवे. टाग्लिओनी पायांच्या बोटांच्या टोकावर उभी राही. आजच्या नर्तकीच्या जोड्यात टोकाला खळीचा कठीण ठोकळा असतो. तिच्या जोड्यात तसले काही नव्हते. मऊ रेशीम, पातळ तळवा, आणि टोकाच्या भोवती सुईदोऱ्याने घातलेले दाट टाके, एवढाच आधार. बाकी सारे बळ घोट्याचे आणि बोटांचे. पाहणाऱ्याला मात्र हे कष्ट दिसता कामा नयेत, पाऊल पडल्याचा आवाजही येता कामा नये, अशी बापाची सक्त ताकीद. तिच्या जुन्या सपाता रशियातल्या चाहत्यांनी विकत घेऊन शिजवून खाल्ल्या अशी एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, चाहते ही जात सर्व देशांत एकच.

आता आपल्याकडे वळू. येथेही पायच मुख्य, पण सगळे उलट.

लुगडे नऊ वार लांब. ते कमरेला गाठ मारून गुंडाळायचे, पुढे निऱ्या घालायच्या, आणि निऱ्यांचे टोक दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोवायचा. त्यामुळे एका अखंड, न शिवलेल्या कापडाची दोन पायांसाठी दोन वस्त्रे होतात. शेतात वाकणारी बाई तेच लुगडे गुडघ्याजवळ वर खोवून नेसे; नर्तकी ते पोटरीशी आवळून घोट्यापर्यंत आणी आणि पदर छातीवरून ओढून कमरेला खोची. घेर नाही, फडफड नाही. पाय कितीही फाकला, बैठक कितीही खाली गेली, गिरकी कितीही जलद घेतली, तरी कापड जागचे हलत नाही. खणाची चोळी, नाकात नथ, कमरेला पट्टा, अंबाड्यावर वेणी, आणि घोट्यावर चाळ. चाळ म्हणजे घुंगरांच्या ओळीवर ओळी ओवलेला भारी पट्टा. पॅरिसच्या बापलेकीने पावलाचा आवाज मारण्यासाठी जन्म घातला. ढोलकीच्या पुढे उभ्या राहणाऱ्या बाईने पाऊल दूरवर बसलेल्या माणसालाही ऐकू जावे म्हणून शेरांवारी पितळ पायात वागविले. तिला हवेत जायचे नव्हतेच. तिची सगळी मौज जमिनीवर ठोका मारण्यात.

पदराचे तर शास्त्रच आहे. बैठकीच्या लावणीत नाचणारी पुष्कळदा उठतही नाही. बसल्या जागी एकाच ओळीचा अर्थ नाना परींनी दाखविते. तेथे पदर हेच तिचे नेपथ्य. तो ओढला की घुंगट, पसरला की झोळी, चाचपला की लाज, झटकला की राग. पंढरपूरच्या सत्यभामाबाईंसारख्या कलावतींची बैठकीची अदा ज्यांनी पाहिली त्यांस हे समजावून सांगण्याचे कारण नाही. शिवलेल्या झग्याला हे साधत नाही, कारण त्याला सुटे टोकच नसते.

परंतु उत्तर पेशवाईतील फडाच्या तमाशात हे लुगडे बहुधा बाईच्या अंगावर नसे. ते नाच्या पोराच्या अंगावर असे. कोवळ्या आवाजाचा, नाजूक बांध्याचा मुलगा निवडून त्याला लुगडे नेसवावे, चाळ बांधावे आणि मशालीच्या उजेडात उभा करावा, ही रीत. घरच्या बाईचे वस्त्र परक्या पुरुषांसमोर नाचू नये अशी समाजाची इच्छा. पण ते वस्त्र नाचलेले पाहण्याचीही हौस. दोहोंची तडजोड म्हणजे नाच्या. आणि गंमत पाहा, पॅरिसमध्ये याच शतकात बरोबर उलट घडले. तेथे स्त्री इतकी वर चढली की पुरुष नर्तक प्रेक्षकांस नकोसा झाला, आणि तरुण नायकाची कामेही बाया पुरुषवेषाने करू लागल्या. १८७० साली ‘कोपेलिया’ हा खेळ लागला तेव्हा त्यातला प्रियकर एक नर्तकीच होती. घट्ट तुमानीतले तिचे पाय पाहावयास मिळत, हे त्यातले उघड गुपित. दोन्ही शहरांतल्या रसिकांना आपण कलेसाठी येतो असेच वाटत असावे.

हे दोन वेष एकमेकांसमोर कधी उभे राहिले काय? लावणीचे लुगडे नाही. पण त्याचे एक दूरचे भावंड उभे राहिले. १८३० मध्येच टाग्लिओनीने एका ऑपेरात भारतीय देवदासीची भूमिका पॅरिसच्या पांढऱ्या मलमलीत केली होती. आठ वर्षांनी, १८३८ च्या उन्हाळ्यात, पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरम्‌ येथील खऱ्या देवदासींचा एक लहानसा ताफा, आपल्या वादकांसह, पॅरिसला नेण्यात आला. त्यांतली अमनी ही तरुणी सर्वांच्या डोळ्यांत भरली. बार नावाच्या शिल्पकाराने तिची मूर्ती घडविली. थिओफील गोतिए या कवीने त्यांच्यावर भरभरून लिहिले: सोन्याचे दागिने, आखूड चोळी, चोळीखालचे उघडे सावळे पोट, पायांत घुंगरू. पॅरिसकरांना देवदासी म्हणजे काय याची चित्रे अगोदरच पाठ होती, ती टाग्लिओनीच्या झग्यावरून काढलेली. आणि समोर आलेल्या बायका जमिनीवर टाच आपटीत होत्या. पुष्कळांना ही खरी माणसे नकलेपेक्षा कमी खरी वाटली.

या दक्षिणी नृत्याशी मराठी माणसाचा संबंध तुटक नाही. तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्‌ आणि वडिवेलू या चौघा भावांनी त्या नृत्याची मांडणी बसविली, आणि खुद्द राजांनी नाचासाठी मराठीत पदे रचविली. १८८० साली तंजावरची राजकन्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना दिली तेव्हा आंदणाबरोबर तेथील नर्तकीही बडोद्यास आल्या.

गोतिएचे एक म्हणणे येथे उपयोगी पडते. टाग्लिओनीची प्रतिस्पर्धी फॅनी एल्सलर हिने १८३६ साली गुलाबी साटिनीचा आणि काळ्या जाळीच्या झालरींचा झगा घालून, हातांत चिपळ्यांसारखी लाकडी वाद्ये वाजवीत, एक स्पॅनिश नाच केला आणि पॅरिस वेडे केले. गोतिएने टाग्लिओनीला ख्रिस्ती नर्तकी म्हटले आणि एल्सलरला मूर्तिपूजकांची. एक देहापासून सुटू पाहते, दुसरी देहात आनंदाने राहते, असा त्याचा भाव. त्याने लावणी पाहिली असती तर तिला कोणत्या पंगतीत बसविले असते हे निराळे सांगायला नको. पण रंगभूमीने पांढऱ्या झग्यालाच सिंहासन दिले, आणि त्याची किंमत नर्तकींनी भरली.

मलमलीला घेर यावा म्हणून तिला खळ देत. खळ दिलेले विरळ कापड, थरावर थर, थरांमध्ये खेळती हवा, आणि हातभर अंतरावर गॅसच्या उघड्या ज्योतींची रांग. चुलीत घालण्यासाठी याहून चांगले जळण कोणी रचले नसते. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रूरी लेन नाटकगृहात क्लारा वेब्स्टर या नर्तकीचा झगा खेळ चालू असताना दिव्याला लागून पेटला. ती तीन दिवसांत वारली. अशा दुर्घटना इतक्या होऊ लागल्या की पॅरिसमध्ये १८५९ साली नाटकाचे कपडे अग्निरोधक द्रावणात बुडवून वापरावेत असे फर्मान निघाले. कार्तेरों नावाच्या गृहस्थाची ही युक्ती. तिने कापड पेटत नसे. पण ते ताठ, मळकट आणि निस्तेज होई.

एमा लिव्री त्या वेळी सतरा वर्षांची होती. वयाच्या सोळाव्या वर्षी तिने ‘ला सिल्फीद’मध्ये पदार्पण केले, आणि वृद्ध होत चाललेली टाग्लिओनी तिला पाहून पॅरिसला परतली, तिची गुरू झाली. १८६० मध्ये टाग्लिओनीने तिच्यासाठी ‘पापियों’ म्हणजे ‘फुलपाखरू’ हा खेळ बसविला. त्यात फुलपाखरू झालेल्या मुलीचे पंख मशालीने होरपळतात. एमाने कार्तेरोंच्या द्रावणातले कपडे घालण्यास लेखी नकार दिला. जबाबदारी आपली, असे तिने कळविले. आजच्या वाचकास हा पोरकटपणा वाटेल. पण तिचे सारे आयुष्य ज्या एका गुणासाठी खर्ची पडले होते, तो गुण म्हणजे वजन नसल्याचा भास, त्या ताठ, मळक्या कापडात नाहीसा होत होता. तिला ज्यांनी हे शिकविले, त्यांनी आणि टाळ्या देणाऱ्यांनी तिच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

ता. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराची तालीम चालू असताना, आपल्या प्रवेशाची वाट पाहत ती पडद्याच्या कडेला होती. चुरगळू नये म्हणून तिने झग्याचे थर झटकून फुलविले. जवळच्या गॅसच्या ज्योतीने ते उचलले. ती जळत रंगभूमीवर धावली. आग विझविणाऱ्या शिपायाने कांबळे टाकून तिला धरले तोवर कमरेवरची घट्ट चोळी अंगात रुतली होती. आठ महिने ती अंथरुणाला खिळून राहिली आणि २६ जुलै १८६३ रोजी, एकविसावे वर्ष पुरे होण्याआधी, गेली. तिच्या त्या वेषाचे उरलेले जळके तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात एका लहान पेटीत आजही जपून ठेवले आहेत.

तमाशाच्या फडात मशाली आणि दिवट्या याहून जवळ असत. पण अंगाशी आवळलेल्या लुगड्याला वाऱ्यावर उडायला टोक नव्हते. लुगड्याने नर्तकीला जाळले नाही. तिचे चटके निराळे होते. शतकाच्या अखेरीस नाच्याच्या जागी बाई आली. पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५) यांच्या फडातली पवळाबाई ही अशा आरंभीच्या नामांकित स्त्रियांपैकी एक. बापूराव मूळचे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, जातीने ब्राह्मण; पवळा महार समाजातली. दोघांच्या जोडीने महाराष्ट्र गाजविला आणि त्यांना नावेही ठेवली. पवळा नेसे ते नऊवारीच. बापूरावांच्या घरच्या बायकाही नऊवारीच नेसत असणार. हेच प्रेक्षकांना सोसत नव्हते.

पुढे दोन्ही वेष बदलले. बॅलेचा घेर आखडत गेला. इटलीची व्हर्जिनिया झुकी १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली तेव्हा तिने आखूड झग्याचा हट्ट धरला. पाय पुरते दिसू लागले आणि आज ज्याला ‘टुटू’ म्हणतात तो आडवा ताठ घेर पुढे रूढ झाला. विजेचे दिवे आल्यावर उघड्या ज्योतीची भीतीही सरली. आपल्याकडे १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट आला आणि सोलापूरच्या या शाहिराबरोबर लावणीचे लुगडेही पांढरपेशा घरांच्या ओळखीचे झाले. मग चित्रपटांनी त्याला चमचमते काठ, भडक रंग आणि टिकल्या दिल्या.

दरम्यान गृहिणीने नऊवारी सोडून पाचवारी, सहावारी धरली. जे वस्त्र दोघींचे होते ते एकीचे राहिले, आणि मगच ते खऱ्या अर्थाने नाचाचा वेष ठरले. आता पुष्कळ नर्तकी शिवलेली नऊवारी वापरतात. निऱ्या कायमच्या टाचलेल्या, कासोटा शिवून पक्का केलेला. पाय घालावेत आणि कमरेला बांधावे, की पाच मिनिटांत तयार. नेसण्याचा वेळ वाचतो. कापड वारावर मोजून द्यायचे ते आता शिंपी टेप घेऊन अंगावर मोजतो, आणि पदर तेवढा अजून सुटा ठेवतो.